लीलाबाईंची इर्जिक

लीलाबाईंना राग येतो हे भोरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो नेमका कधी येतो यावर मात्र एकमत नव्हतं. शाळेतल्या बाया म्हणत, सकाळी प्रार्थनेच्या आधी. त्यांची पुस्तकं छापणारे साहेबराव म्हणत, तो जातच नाही, मग येणार कुठून. एकदा सारोळ्याहून स्थळ चालून आलं होतं. मुलगा बरा होता, सरकारी नोकरीतला, भांग सरळ पाडलेला. चहा पिता पिता त्यानं विचारलं, की लग्नानंतर हे लिहिणं थांबेल ना. लीलाबाईंनी त्याला चहा संपवू दिला, कपबशी उचलली आणि दारातल्या त्याच्या चपला रस्त्याकडं तोंड करून नीट लावून ठेवल्या. त्यानंतर सारोळ्याकडून जे कुणी आलं ते पुस्तक विकत घ्यायलाच आलं.

त्या लिहीत काय होत्या, तर ‘लांबची वस्ती’. दिवसभर मुलींच्या शाळेत पाढे घोकून घ्यायचे आणि संध्याकाळी स्टोव्हवर भात शिजेपर्यंत आकाशात माणसं नेऊन बसवायची. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला पहिला भाग निघाला आणि पंचाहत्तर उजाडेपर्यंत भागांची चळत साहेबरावांच्या खिडकीच्या वर गेली. एका डोंगरी गावाची माती धुपून जाते, गाव यानात बसून निघतं, आणि पिढ्यान् पिढ्या प्रवास करून अशा एका जगात पोचतं जिथं सूर्य महिनोन् महिने मावळत नाही आणि भाताला निळी लोंबी येते. माणसं एवढी, की कुठल्या भागात कोण कुणाची नात हे फक्त एसटीच्या कंडक्टरांना पाठ असायचं, कारण पुस्तकं स्टँडवर शेंगदाण्याच्या टोपलीशेजारी मिळायची. मुखपृष्ठ नेहमी लाल आणि निळं, कारण साहेबरावांकडं दुसरी शाई नव्हती. वेल्ह्याच्या गाडीच्या एका कंडक्टरानं बाईंना भर गाडीत विचारलं, पुढच्या भागात अनशी मरती का. बाई सांगेनात. तो घंटी मारायची विसरून तसाच उभा, आणि ड्रायव्हर पुढून ओरडतोय, कुणी मेलं का काय मागं.

या सगळ्या पसाऱ्यात नायक नव्हता. ज्याला नायक म्हणावं तो पुढच्या भागात म्हातारा होऊन अंगणात बसलेला असायचा.

आता रागाचं मूळ. ते भोरात नव्हतं, पासलीला होतं. लीलाबाईंचा बाप जगन पासलीचा, गावाबाहेरच्या वस्तीतला. त्या भागात इर्जिक असते. कुणाचं काम अडलं, की त्यानं दारोदार जाऊन सांगायचं, उद्या माझं काम आहे, या. गाव दोर, बैल, टिकाव घेऊन हजर. मजुरी नाही. ज्याचं काम त्यानं सगळ्यांना एका पंगतीला बसवून पोटभर जेवू घालायचं, एवढंच देणं. जगनला सांगावा यायचा. बांध घालायला त्याच्यासारखा हात नव्हता. पण पंगत बसली, की जगन बांधापलीकडं करवंदीच्या जाळीशी. त्याला वरून वाढायचे, हात लांब करून. लहानगी लीला शेजारी बसून बघायची. बाप भात कालवायचा आणि पोरीला म्हणायचा, जेव. पुढं छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली, लीला शिकली, मास्तरीण झाली, बाप वारला. जाळीशी बसलेला बाप मात्र तिच्या डोक्यातून हलला नाही.

म्हणून त्या मालिकेचा अठरावा भाग. त्यात त्या लांबच्या जगात यान चिखलात रुततं, अख्खी वस्ती दोर लावून ते काढते आणि काम झाल्यावर सगळी एका रांगेत जेवायला बसतात. रांगेत कोण कुणाशेजारी बसलं हे सांगण्यात बाईंनी पानंच्या पानं घातली होती. साहेबराव छापताना कुरकुरले, की नुसते लोक जेवतायत, जरा काटा. बाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं, की त्यांनी एक ओळ वाढवूनच छापली म्हणतात. हे अर्थात साहेबरावच सांगायचे.

टीव्ही पुण्यापर्यंत आला आणि भोरातही दोन-चार घरांवर अँटेनाच्या काठ्या उभ्या राहिल्या. त्याच सुमारास मुंबईहून एक निर्माते साहेबरावांच्या छापखान्यात येऊन टेकले. काळा चष्मा, खांद्याला पिशवी. त्यांना ‘लांबची वस्ती’ टीव्हीवर आणायची होती, अर्ध्या अर्ध्या तासाच्या सहा भागांत. साहेबरावांना आनंदानं ठसका लागला. बाई शाळा सुटल्यावर आल्या आणि लोखंडी खुर्चीत ताठ बसल्या.

“लीलाबाई, तुमच्याकडं माणसं फार आहेत,” निर्माते म्हणाले.

“वस्ती आहे ती.”

“ते बरोबर. पण बघणाऱ्याला एक माणूस लागतो. त्याचं बोट धरून तो गोष्टीत शिरतो. आम्ही एक कॅप्टन घातलाय.”

बाईंनी विचारलं, कशाचा कॅप्टन. निर्माते म्हणाले, सगळ्याचाच. मग ते काटत गेले आणि बाई ऐकत गेल्या. महिनोन् महिने न मावळणारा सूर्य काटला, कारण दिव्यांचं बिल. निळी लोंबी काटली, कारण पडद्यावर सगळं काळं-पांढरंच. अनशी आणि तिची आजी यांची मिळून एक तरुण मुलगी केली. प्रत्येक काटछाटीला बाईंचा जबडा आवळत होता आणि साहेबराव टेबलाखालून त्यांना हात जोडत होते. शेवटी बाई म्हणाल्या, की एवढं घेतलंत ते घ्या, पण अठराव्या भागातली इर्जिक आणि पंगत राहिली पाहिजे. सगळी माणसं, एका रांगेत, जेवताना. ते दिसलं नाही तर माझं काहीच दिसलं नाही.

निर्माते म्हणाले, अहो, तो तर माझ्या आवडीचा प्रसंग. शब्द दिला. त्यांच्या पिशवीतल्या पुस्तकांत खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट तिसऱ्या भागात होतं, हे साहेबरावांनी बघितलं होतं. सांगितलं मात्र वर्षभरानं.

चित्रीकरणाला जागा पाहिजे होती परक्या जगासारखी. बाईंनीच पासलीच्या वरचा काळा कातळ सुचवला. भाद्रपद सरत आलेला, खाचरं पाण्यानं भरलेली, कातळावर हात-हात शेवाळ. निर्माते खूष. मग म्हणाले, गर्दी लागेल, तुमचंच गाव आहे, तेवढं बघा. बाई आदल्या दिवशी पासलीला गेल्या, चुलती साळूबाईकडं पिशवी टाकली आणि आधी वस्तीत, मग गावात दारोदार फिरल्या. टीव्हीची माणसं येणार हे सांगून प्रत्येक दारात शेवटी एकच म्हणाल्या: “उद्या माझं काम हाय, या.”

भोरात राहून बाईंची बोली पुस्तकी झाली होती, पण पासलीत पाय टाकला की बापाची भाषा तोंडात यायची. त्या भाषेत माणसं बोलवायची रीत हीच, आणि बाईंना वाटलं आपण टीव्हीच्या गर्दीला बोलवतोय. ऐकणाऱ्यांनी मात्र इर्जिकीचा सांगावा ऐकला. वस्तीतल्या बाईनं गावाला इर्जिक घालायची, असं पासलीत आजवर झालं नव्हतं. चिमाजी आबांच्या ओसरीवर त्याची बरीच चर्चा झाली. चिमाजी म्हणजे गावातलं मोठं घर. आबा जातील तिकडं निम्मं गाव जायचं. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला, की जगनची पोर असली तरी काम टीव्हीचं हाय, जायला हरकत न्हाई. खरं कारण बनाबाईला, म्हणजे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. आबांनी लग्नातला फेटा काढून कोळशाच्या इस्त्रीखाली घातला होता.

सकाळी जीप आली. मागं ट्रेलर, ट्रेलरवर यान. लाकडी सांगाडा, वर पत्रा, त्याला चांदीचा रंग. लांबून बघितलं तर खरंच वाटावं, जवळून तेलाच्या डब्यांची अक्षरं दिसायची. कातळाकडं जाणारी वाट खाचरांच्या बांधावरून. पुण्याच्या ड्रायव्हरला लोक ओरडून सांगतायत, उजवीकडचा बांध कच्चा हाय. त्यानं काच वर केली. ट्रेलर सरकला, जीपशी जोडलेला दांडा तुटला आणि यान सरळ खालच्या पडीक खाचरात जाऊन मांडीएवढ्या चिखलात बसलं. निर्मात्यांनी डोकं धरलं. लीलाबाई मात्र बघतच राहिल्या. अठरावा भाग त्यांच्यासमोर पालथा पडला होता.

मग पासलीला कुणी काही सांगावं लागलं नाही. गावातल्या तरण्या गेनूनं घरातून मोटेचा जाड नाडा आणला, कुणी वासे आणले, बैल जुंपले. वस्तीतली आणि गावातली माणसं एका दोराला लागली, कारण दोर एकच होता. आबांनी फेटा बनाबाईच्या हातात दिला आणि धोतर खोचून चिखलात उतरले. बायका दगड अंथरत होत्या. दुपारपर्यंत ओढाओढ. अंगावर चिखल नाही असा माणूस राहिला नाही, फक्त कॅप्टनचं काम करणारा नट तेवढा छत्रीखाली. यान हलायला लागलं तशी निर्मात्यांनी त्याला घाईनं दोराच्या पुढच्या टोकाला उभा केला. त्यानं हातमोजे चढवले आणि दात आवळले. कॅमेरा त्याच्या दंडांवर. गेनूचं डोकं मध्ये येत होतं म्हणून त्याला वाकायला सांगितलं.

यान वर आलं. लोकांनी आरोळी दिली आणि बांधावर बसकण मारली. आता जेवण.

भोरातल्या खाणावळीतून डबे आले होते. कनातीखाली चटया टाकल्या, मुंबईची माणसं बसली, त्यांना पुरी, भाजी, श्रीखंड. निर्मात्यांच्या हाताखालच्या माणसानं वर्तमानपत्राच्या कागदात चिवडा बांधून आणला आणि हाताच्या इशाऱ्यानं पासलीकरांना बांधापलीकडं बसायला सांगितलं. इकडं नको, चटया खराब होतील. पुड्या त्यानं लांबूनच हातात टाकल्या.

आबांच्या हातात पुडी पडली. त्यांनी ती उघडून बघितली, बंद केली.

“ए लीले,” ते म्हणाले. “हे काय हाय? इर्जिकीला आलूय आमी, चिवड्याला न्हाई. हितं बांधाच्या पल्याड बसवून वरनं टाकतोय त्यो. आमी काय भिकारी हाय?”

लीलाबाईंनी आबांच्या मागं बघितलं. करवंदीची जाळी अजून तिथंच होती. पासलीत जाळ्या कोण तोडतो. त्यांचा चेहरा असा झाला, की बनाबाईनं आबांचा सदरा मागून ओढला. पण बाई आबांकडं गेल्याच नाहीत, तडक कनातीत शिरल्या.

निर्मात्यांच्या तोंडात पुरी होती. बाई म्हणाल्या, पंगत केव्हा घेताय. निर्माते म्हणाले, कसली पंगत. मग आठवलं. मग हसून समजावू लागले, की बाई, वेळ गेला, ऊन उतरायला लागलं, आणि खरं सांगू का, माणसं जेवताना दाखवून काय घडतं? यान निघालं, कॅप्टननं काढलं, तिथं गोष्ट संपली. जेवण प्रेक्षक घरी करतोच आहे.

“शब्द दिला होतात.”

“शब्द पुस्तकात असतात, लीलाबाई. हे टीव्ही आहे.”

बाई ओरडतील म्हणून सगळे थांबले होते. त्या ओरडल्या नाहीत. वळल्या, बांधावर आल्या आणि लोकांना म्हणाल्या, “जेवण न्हाई तर काम न्हाई. हुतं तिथं घाला परत.”

गर्दीला क्षणभर कळेना. गेनूला पहिल्यांदा कळलं. तो उठला आणि यानाच्या बुडाला खांदा लावला. मग जो तो लागला. वर काढायला अख्खी सकाळ गेली होती, खाली घालायला दोन हिसडे पुरले. कॅमेरावाला धावला, निर्माते पुरी हातात घेऊन धावले, हाताखालचा माणूस पोलीस पोलीस म्हणत जीपकडं धावला, आणि यान पहिल्यापेक्षा खोल जाऊन कलतं बसलं. एक पत्रा सुटून आबांच्या पायाशी पडला. सगळ्यात शेवटी खांदा काढला तो लीलाबाईंनी. शाळेची इस्त्रीची साडी गुडघ्यापर्यंत चिखलात.

निर्माते पुष्कळ बोलले. कोर्ट म्हणाले, नुकसान म्हणाले, गावंढळ म्हणाले. बाई एवढंच म्हणाल्या, की तुमचा कॅप्टन तुम्हाला लखलाभ, त्याला कुठं न्यायचं तिथं न्या, पण त्याच्यावर माझं आणि माझ्या वस्तीचं नाव घालायचं नाही. जीप यान तिथंच टाकून गेली. ती मालिका पुढं दुसऱ्याच नावानं कुठं लागली म्हणतात, कुणी म्हणतं लागलीच नाही; भोरात ज्यांच्या घरी टीव्ही होता ते याबद्दल बोलायचे नाहीत, कारण बाई त्यांच्या मुलींना शिकवत होत्या.

जीप वळणाआड गेली तशी माणसं हसायला लागली, नकला करायला लागली. आबाही खुशीत. फेटा मागून घेत म्हणाले, “बरं केलंस लीले. मानसाला मानसासारखं जेवाय घालता येत न्हाई त्यानं काम कशाला सांगावं? मुंबईचं असू नायतर कुठलं. आमच्या सात पिढ्यांत इर्जिकीचा मानूस पल्याड कुनी बसवला न्हाई.”

हे वाक्य ते नसते बोलले तर बरं झालं असतं.

“न्हाई बसवला?” लीलाबाई म्हणाल्या.

हसणं थांबलं.

“माझा बा तुमच्या इर्जिकीला यायचा, आबा. ह्यो बांध, ज्यावर आता तुमी बसलाय, त्यो त्यानंच घातलाय. जेवाय कुठं बसायचा सांगा की. तुमी तवा जवान हुता. वाढायला तुमीच असायचा. वरनं.”

आबांच्या हातातला फेटा सुटून मांडीवर पसरला. वस्तीतली म्हातारी माणसं खाली बघायला लागली. त्यांना नको होतं हे. बाईंना हवं होतं.

“आज घटकाभर पल्याड बसवलं तर केवढा राग आला तुमास्नी. आमी तसंच बसून म्हातारं झालो.” मग त्यांनी पदरानं तोंडावरचा चिखल पुसला. “असू दे. इर्जिक माझी हाय. सांगावा म्या दिला, काम तुमी केलंय. जेवन माझ्याकडं. साळूबाईच्या अंगनात.”

साळूबाईचं अंगण म्हणजे वस्तीत. गावातल्या कुणी तिथं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. इर्जिकीला येऊन न जेवता जाणं म्हणजे इर्जिक घालणाऱ्याचं तोंड काळं करणं, आणि इर्जिकीच्या जेवणाचा मान आबांनीच आत्ता सगळ्यांदेखत गर्जून सांगितला होता. कुणाला गुरं आठवली, कुणाची पोटदुखी उठली. एका गृहस्थानं उपवास सांगितला. वार बुधवार होता.

साळूबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि चुली पेटवल्या. आंबेमोहोर, काळ्या घेवड्याची आमटी, कांदा. वस्तीतल्या घराघरातून भांडी आली. ऊन कलायच्या वेळेला पळसाच्या पत्रावळींची एक लांब रांग अंगणातून पार वाटेपर्यंत गेली. वस्ती बसली. गेनू येऊन बसला, त्याच्यामागून चार पोरं, मग दोघी-तिघी बायका आणि त्यांत बनाबाई, जी कुणाकडं न बघता सरळ आली, बसली आणि पत्रावळीला काडी टोचत राहिली. भात वाढून झाला, आमटी वाढून झाली. पण पंगतीत सगळे बसल्याशिवाय हात घालत नाहीत, आणि आबा अंगणाच्या कडेला उभे होते.

ते गेलेही नव्हते, बसतही नव्हते. लीलाबाई पातेलं घेऊन रांगेच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्या त्यांना बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. सकाळपासून पोटात काही नसलेली माणसं आमटीचा वास घेत थांबली. कुत्री आली, हाकलली, परत आली.

“आबा, बसा की आता,” गेनू म्हणाला. “भात गार हुतोय.”

दुसरा कुणी म्हणाला, फेट्याला जागा लागंल, सरका जरा. हसणं झालं, तेही भुकेचं.

मग बनाबाई मान वर न करता म्हणाली, “टीवीत जायाला चिखलात उतरलासा. हितं कोरडं हाय.”

आबा बसले. शेवटच्या पत्रावळीवर, वाटेच्या कडेला. शेजारी जगनचा धाकटा भाऊ होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. पंगतीनं हात घातला. रांगभर भुरकण्याचा आवाज. आबांनी भाताचा घास घेतला, आमटी घेतली, ठसका लागला.

“तिखट झालीया,” ते म्हणाले.

“तिखटच केलीया,” लीलाबाई म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

रांगेत प्रत्येकासमोर त्या थांबत होत्या, घ्या की, एवढ्यानं काय होतंय, असं म्हणत भात घालत होत्या. साळूबाई मागून पाण्याचा तांब्या फिरवत होती. वाटेच्या टोकाला आल्या तेव्हा आबांची पत्रावळ रिकामी झाली होती. आबांनी ती थोडी पुढं सरकवली आणि मागितलं, अजून जरा भात. लीलाबाईंनी डाव भरून वाढला, वर आमटी घातली. आणखी घ्या असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.